हिमघरातला डॉक्टर

कडाक्याच्या थंडीत उघड्यावर अडकलेल्या माणसाला कोणी बर्फातच घर करून राहायला सांगितले, तर तो सांगणाऱ्याला वेड्यात काढील. थंडी वाजते म्हणून कोणी फ्रीजमध्ये जाऊन बसत नाही. पण ध्रुवाजवळच्या प्रदेशात हजारो वर्षे राहणाऱ्या इनुइट लोकांनी नेमके हेच केले आणि ते जगले. त्यांच्या त्या घराला आपण शाळेच्या भूगोलात इग्लू म्हणून ओळखले. ते चित्र पाहून बहुतेकांच्या मनात एक शंका राहून जाते. बर्फाच्या घरात ऊब येते कुठून?

ही शंका एका स्कॉटिश डॉक्टरलाही पडली होती. त्यांनी तिचे उत्तर पुस्तकात शोधले नाही. ते इनुइट लोकांकडे गेले, हातात सुरा घेऊन घर बांधायला शिकले आणि पुढे हिवाळेच्या हिवाळे त्या घरांत राहिले. त्यांचे नाव डॉ. जॉन रे. उत्तर अमेरिकेच्या वरच्या टोकाचा बराच नकाशा त्यांच्या पायांनी पुरा केला. तरीही त्यांच्या हयातीत त्यांना द्यायला हवा होता तो मान त्यांच्या देशाने दिला नाही. ज्या सवयीने त्यांचा जीव वाचवला, त्याच सवयीने त्यांची प्रतिष्ठा घालवली. ती सवय म्हणजे तिथल्या माणसांचे ऐकून घेण्याची.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा एक खुलासा. मराठीत आपण गोठलेल्या पाण्याच्या लादीलाही बर्फ म्हणतो आणि आकाशातून पडणाऱ्या पांढऱ्या भुरभुरीत थरालाही बर्फच म्हणतो. या लेखात पहिल्याला बर्फ आणि दुसऱ्याला हिम म्हणू. कारण हिमघराचे सगळे रहस्य या फरकात आहे.

ऑर्कनी ते हडसनचा उपसागर

जॉन रे यांचा जन्म ३० सप्टेंबर १८१३ चा. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. झाडे कमी, वारा भरपूर आणि चारी बाजूंनी खवळलेला समुद्र. तिथल्या क्लेस्ट्रेन इथल्या घरात ते वाढले. होडी हाकणे, डोंगर तुडवणे, शिकार आणि मासेमारी यांतच त्यांचे बालपण गेले. एडिंबरा येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८३३ मध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते शल्यचिकित्सक म्हणून उत्तीर्ण झाले.

त्याच वर्षी ते हडसन बे कंपनीच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या जहाजावर डॉक्टर म्हणून निघाले. ही कंपनी आजच्या कॅनडात केसाळ कातड्यांचा व्यापार करी. परतीची वाट बर्फाने अडली आणि जहाजाला चार्लटन बेटावर हिवाळा काढावा लागला. खलाशांना स्कर्व्ही झाली. हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा उघडतात, पाय जड होतात आणि शेवटी माणूस दगावतो, असा हा रोग. क जीवनसत्त्वाचा शोध लागायला अजून जवळजवळ शंभर वर्षे होती. वसंतात हिम वितळू लागल्यावर खालून क्रॅनबेरीची, आपल्या करवंदांसारखी आंबट, फळे वर आली. रे यांनी ती रुग्णांना खायला घातली आणि आजारी माणसे सावरू लागली. औषधाची पेटी रिकामी असली तरी भोवतालच्या जमिनीत उपाय असू शकतो, हा धडा त्यांना पहिल्याच हिवाळ्यात मिळाला.

एका फेरीसाठी आलेला हा तरुण तिथेच राहिला. पुढची दहा वर्षे मूस फॅक्टरी या ठाण्यावर त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले. नावात फॅक्टरी असली तरी तो कारखाना नव्हता, आपल्याकडे सुरतेला किंवा राजापूरला होती तशी ती वखार होती. वखारीत क्री जमातीचे लोक येत. रुग्ण म्हणून येणाऱ्या या लोकांचेच रे विद्यार्थी झाले. विणलेल्या जाळीचे रुंद जोडे घालून मऊ हिमावर न रुतता कसे चालावे, घसरगाडी कशी भरावी, सावज कसे टिपावे, हे त्यांनी क्रींकडून शिकून घेतले. काही वर्षांत त्या जोड्यांवर त्यांच्याइतके लांब आणि झपाझप चालणारा गोरा माणूस त्या मुलखात नव्हता.

दगडी घर हरले

त्या काळी युरोपला एका समुद्री वाटेचे वेड होते. अटलांटिक महासागरातून उत्तर अमेरिकेच्या वरून पॅसिफिकमध्ये उतरणारी ‘वायव्य वाट’ शोधायची होती. किनाऱ्याचा काही भाग अजून नकाशावर कोराच होता. कंपनीने हे काम रे यांच्यावर सोपवले. आधी त्यांना भूमापन शिकायचे होते. त्यासाठी शिक्षक गाठायला त्यांनी हिवाळ्यात शेकडो मैलांचे अंतर हिमावरून पायी तोडले.

१८४६ मध्ये दोन होड्या आणि दहा-बारा माणसे घेऊन ते रिपल्स बे येथे पोचले. आज या जागेला नौयात म्हणतात आणि ती उत्तर ध्रुववृत्ताजवळ आहे. नौदलाच्या मोहिमा मोठी जहाजे, वर्षानुवर्षांचे डबाबंद अन्न आणि कोळसा घेऊन निघत. रे यांच्याकडे यातले काहीच पुरेसे नव्हते. शिकार करायची, मासे धरायचे आणि हिवाळा तिथेच काढायचा, असा त्यांचा बेत होता. त्या भागात असा हिवाळा कोणत्याही युरोपीय तुकडीने त्यापूर्वी काढला नव्हता.

तिथे झाड नाही, म्हणून लाकूड नाही. त्यांनी दगड रचून घर बांधले आणि त्याला फोर्ट होप असे नाव दिले. पण दगड उष्णता शोषून बाहेर टाकतो, फटींतून वारा येतो आणि जळण म्हणून मिळत होती ती फक्त जमिनीलगतची खुरटी झुडपे. घरातले तापमान गोठणबिंदूच्या खाली जाई. श्वासातली वाफ भिंतींवर गोठे आणि थोडी आग पेटली की पाणी होऊन कपड्यांवर गळे. जवळच इनुइट कुटुंबे हिमाच्या घरांत राहत होती. त्यांच्याकडे एका दिव्याखेरीज आग नव्हती, तरीही त्यांची मुले आत उघड्या अंगाने खेळू शकत. रे यांनी हा फरक पाहिला आणि त्यामागचे कारण समजून घ्यायचे ठरवले.

असे बांधतात हिमघर

पहिली पायरी हिम निवडण्याची. नुकतेच पडलेले भुसभुशीत हिम चालत नाही आणि वितळून पुन्हा गोठलेले कडक हिमही चालत नाही. वाऱ्याने दाबून घट्ट केलेले, एकाच वादळात साचलेले हिम लागते. त्यावरून चालले तर पायाचा ठसा जेमतेम उमटावा. इनुइट माणूस एक बारीक काठी हिमात खुपसून पाहतो. ती शेवटपर्यंत सारख्या जोराने आत गेली, तर हिम एकजीव आहे. मध्येच अडली किंवा एकदम सुटली, तर आत वेगवेगळे थर आहेत आणि कापलेली लादी हातात मोडणार.

मग जमिनीवर वर्तुळ आखायचे आणि हाडाच्या किंवा हस्तिदंती लांब सुऱ्याने लाद्या कापायच्या. दीडेक हात लांब, हातभर उंच आणि वीतभर जाड. शक्यतो लाद्या वर्तुळाच्या आतूनच कापतात. त्यामुळे बाहेर भिंत चढते तशी आतली जमीन खाली जाते आणि निम्म्या कामात पुरे घर मिळते. पहिली रांग लागली की तिच्या सुरुवातीच्या लाद्या तिरक्या छाटून उतार करतात. पुढची रांग त्या उतारावरून वर चढते आणि भिंत गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल फिरत आत झुकत जाते.

इथे खरी खुबी आहे. आपल्याकडचा गवंडी घुमट किंवा कमान बांधताना खाली लाकडी आधार देतो आणि चुना धरल्यावर तो काढतो. हिमघराला असा आधार लागत नाही. प्रत्येक नवी लादी खालच्या लादीवर टेकते आणि शेजारी आधीच बसवलेल्या लादीलाही रेलते, म्हणून ती आत पडत नाही. शेवटी माथ्यावरचे भोक एका लादीने बंद करतात आणि फटींत मोकळे हिम दाबतात. कापलेल्या कडा एकमेकींना टेकल्या की तिथले हिमकण थोड्याच वेळात एकमेकांना जोडले जातात. चुन्याचे काम गारठाच करतो. काही तासांनी माणूस वर चढला तरी घर ढासळत नाही.

रे आणि त्यांचे सोबती हे काम शिकले. सुरुवातीला लाद्या मोडल्या असतील, घुमट कोसळले असतील. पण सराव झाल्यावर दिवसभराच्या चालीनंतर तासाभरात त्यांचे रात्रीचे घर उभे राहू लागले.

ऊब कुठून येते?

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. घट्ट दाबलेल्या हिमातही निम्म्याहून अधिक जागा हवेची असते. ही हवा इवल्या इवल्या पोकळ्यांत अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. गोधडी किंवा दुलई ऊब देते ती याच कारणाने. कापूस स्वतः गरम नसतो, तो हवेला धरून ठेवतो. घट्ट हिमातून उष्णता बर्फाच्या मानाने साधारण दहावा हिस्साच वाहते. म्हणून बर्फाच्या चकचकीत लाद्यांचे घर दिसायला देखणे झाले, तरी राहायला थंडच.

उष्णता देणारा आत राहणारा माणूसच असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण शंभर वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडते. लहानशा घरात चार माणसे आणि सीलच्या चरबीवर जळणारा एक दिवा असला, की बाहेर उणे ४० अंश सेल्सिअस असतानाही आतले तापमान शून्याच्या आसपास राखता येते. शून्य अंश म्हणजे आपल्या दृष्टीने थंडीच. पण उणे ४० आणि शून्य यांत मरण आणि जगणे इतके अंतर आहे. शिवाय वारा नसतो. वारा त्वचेलगतची कोमट हवा सतत उडवून नेतो, त्यामुळे त्याच तापमानात शरीर कितीतरी वेगाने गारठते.

घराची आखणीही तितकीच महत्त्वाची. गरम हवा हलकी, ती वर जाते. थंड हवा जड, ती खाली बसते. म्हणून आत येण्याची वाट जमिनीपेक्षा खाली, बोगद्यासारखी ठेवतात आणि झोपायचा ओटा उंच करतात. थंड हवा बोगद्यात साचते, ऊब ओट्यावर टिकते. ओट्यावर कॅरिबू या हरणाची केसाळ कातडी अंथरतात, कारण खालची गार जमीन शरीरातली उष्णता फार झपाट्याने ओढून घेते.

माथ्याजवळ एक लहान भोक मात्र मुद्दाम मोकळे ठेवतात. ऊब जाईल या भीतीने ते बुजवणे हा जिवाशी खेळ आहे. दिवा किंवा स्टोव्ह अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. डोके दुखते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. दिव्याच्या उबेने भिंतीचा आतला थर वितळून गोठला की तो हवाबंद होत जातो. त्यामुळे राहून राहून जुन्या झालेल्या हिमघरात हा धोका अधिक.

तंबू की हिमघर?

रे यांचे स्वतःचे योगदान याच्या पुढचे आहे. डॉक्टर असल्याने त्यांचे लक्ष ओलाव्याकडे गेले. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून एका रात्रीत पाव लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी वाफ होऊन बाहेर पडते. कापडी तंबूत ही वाफ कापडावर आणि पांघरुणांत गोठते. रोज थोडे थोडे बर्फ साचत जाते. काही दिवसांत तंबू पत्र्यासारखा ताठ होतो, घडी होत नाही, त्याचे वजन वाढते. पांघरूण ओले होते आणि ओल्या पांघरुणात हवेची जागा पाण्याने घेतल्यामुळे ते ऊब धरत नाही. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या मानाने पंचवीस पटींच्या आसपास वेगाने वाहते. नौदलाचे खलाशी घसरगाडीवर जो बोजा ओढत, त्यात असा वाढत जाणारा गोठलेला ओलावाही असे.

हिमघरात हीच वाफ भिंतीवर जाऊन बसते आणि हिम ती टिपकागदासारखी शोषून घेते. सकाळी माणूस कोरड्या पांघरुणातून उठतो आणि ओलावा भिंतीतच मागे राहतो. तंबू वाहावा लागत नाही, म्हणून बोजा कमी. बोजा कमी म्हणून चाल अधिक, आणि अन्न कमी लागते. जाताना बांधलेली घरे परतीच्या वाटेवर तयार मिळतात, हा वेगळा फायदा. १८५१ च्या वसंतात याच पद्धतीने, दोन सोबती घेऊन, रे यांनी गोठलेल्या किनाऱ्याने एका फेरीत सुमारे १,७०० किलोमीटर अंतर तोडले. १८५२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

एक बातमी आणि तिची किंमत

१८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन वायव्य वाट शोधायला निघाले होते. १२९ माणसे बर्फात शिरली आणि नाहीशी झाली. त्यांच्या शोधासाठी मोहिमांमागून मोहिमा निघाल्या. मोठे बक्षीसही जाहीर झाले.

१८५३ मध्ये रे पुन्हा रिपल्स बे येथे आले. या वेळी दगडी घराचा विचारही त्यांनी केला नाही. तो हिवाळा त्यांच्या तुकडीने हिमघरांत काढला. ३१ मार्च १८५४ रोजी ते उरलेल्या किनाऱ्याच्या मोजणीसाठी निघाले. सोबत दुभाषा म्हणून विल्यम उलिगबक हा इनुइट आणि मिस्टेगन हा ओजिब्वा शिकारी होता. एप्रिलमध्ये पेली बे भागात त्यांना एक इनुइट भेटला. त्याच्या डोक्यावर सोनेरी पट्टी होती, नौदलाच्या अधिकाऱ्याच्या टोपीवरची. रे यांनी ती विकत घेतली आणि विचारपूस केली. काही वर्षांपूर्वी पश्चिमेकडे पस्तीस-चाळीस गोरी माणसे उपासमारीने मेली, असे त्यांना कळले. मोहीम मात्र त्यांनी सोडली नाही. ६ मे रोजी ते एका सामुद्रधुनीच्या काठी पोचले. किंग विल्यम लँड हा भूभाग मुख्य भूमीला जोडलेला नसून ते बेट आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ती सामुद्रधुनी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. वायव्य वाटेचा एक हरवलेला दुवा तिथे सापडला होता.

मुक्कामावर परतल्यावर अधिक इनुइट लोक भेटायला आले. रे यांनी त्यांना वेगवेगळे बसवून, उलट-सुलट प्रश्न विचारून हकिकत ताडून पाहिली, जशी डॉक्टर रुग्णाची विचारपूस करतो. त्यांनी चांदीचे चमचे, काटे आणि फ्रँकलिन यांचे नाव कोरलेली एक तबकडी आणली. शेवटची माणसे भुकेने इतकी व्याकूळ झाली होती की त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले, हेही इनुइटांनी सांगितले. प्रेतांची आणि भांड्यांची स्थिती तसे दाखवत होती.

इतर शोधपथके चुकीच्या दिशेला जीव धोक्यात घालत होती. त्यांना थांबवायला हवे, म्हणून स्वतः त्या जागी न जाता रे इंग्लंडला निघाले. ऑक्टोबर १८५४ मध्ये नौदल खात्याला दिलेला त्यांचा अहवाल वृत्तपत्रांत छापून आला आणि देश हादरला. इंग्रज खलाशी नरमांस खाईल, हे कोणाला मान्य होईना. फ्रँकलिन यांच्या पत्नी संतापल्या. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकात रे यांच्या साक्षीदारांवर हल्ला चढवला. इनुइट खोटारडे आहेत आणि कदाचित त्यांनीच खलाशांना मारले असेल, असे त्यांनी सुचवले.

रे यांना माघार घेणे सोपे होते. ऐकीव गोष्ट होती, चूक झाली असेल, एवढे म्हटले असते तरी सरदारकी मिळाली असती. त्यांनी तसे केले नाही. त्याच साप्ताहिकात उत्तर देऊन त्यांनी इनुइट लोकांच्या सचोटीची ग्वाही दिली. ज्यांनी घर बांधायला शिकवले, त्यांच्यावर दोन हिवाळे त्यांनी जीव सोपवला होता, आणि त्या दोन्ही हिवाळ्यांत त्यांच्या तुकडीतले कोणी दगावले नव्हते. अशा लोकांचा शब्द लंडनमध्ये पोचताच खोटा कसा ठरवायचा? बक्षिसाचे दहा हजार पौंड त्यांना आणि त्यांच्या माणसांना मिळाले. पण त्या काळच्या नामवंत ध्रुवीय संशोधकांना मिळत आलेला ‘सर’ हा किताब त्यांना कधीच मिळाला नाही.

ही उपेक्षा केवळ त्यांच्यापुरती राहिली नाही. १८७५ मध्ये जॉर्ज नेअर्स यांची नौदल मोहीम उत्तरेला निघाली, तेव्हा रे यांनी हिमघरे, योग्य कपडे आणि ताजे मांस यांविषयी सल्ला दिला. तो मानला गेला नाही. खलाशांनी जड घसरगाड्या स्वतः ओढल्या, गोठलेल्या तंबूंत रात्री काढल्या. त्यांना स्कर्व्हीने गाठले आणि १८७६ मध्येच मोहीम परतली. ताज्या, कमी शिजवलेल्या मांसात थोडे क जीवनसत्त्व टिकून असते. इनुइटांना स्कर्व्ही का होत नाही, याचे उत्तर त्यांच्या जेवणात होते.

उशिरा मिळालेली पावती

१८८० मध्ये रे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २२ जुलै १८९३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी रोआल्ड अमुंडसन हे नॉर्वेचे संशोधक छोटे जहाज घेऊन रे सामुद्रधुनीतूनच गेले आणि वायव्य वाट समुद्रमार्गे पहिल्यांदा पार झाली. वाटेत त्यांनी दोन हिवाळे किंग विल्यम बेटावर काढले आणि तिथल्या नेटसिलिक इनुइटांकडून केसाळ कातड्याचे कपडे आणि हिमघर यांचे धडे घेतले. तेच अमुंडसन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिले पोचले.

त्या भयंकर बातमीचे काय? १९९७ मध्ये किंग विल्यम बेटावरच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडांवर सुऱ्याच्या खुणा होत्या. २०२४ मध्ये डीएनए तपासणीतून असे एक हाड ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचे असल्याचे निश्चित झाले. दोन्ही जहाजांचे अवशेष २०१४ आणि २०१६ मध्ये सापडले आणि त्या शोधात इनुइटांच्या पिढीजात आठवणी उपयोगी पडल्या. इनुइट खरे बोलले होते.

आजच्या भटक्यांसाठी

आपल्याकडची तरुण मुले-मुली आता हिवाळ्यात हिमालयात ट्रेकला जातात. हौस म्हणून हिमघर करायचे असेल, तर ते जाणत्या मार्गदर्शकासोबतच करावे आणि हिमकडा कोसळू शकेल अशा उताराखाली कधीही करू नये. लाद्या निघण्याजोगे हिम नसेल, तर दोन मीटरभर उंच ढीग रचून तासा-दोन तासांनी, तो घट्ट झाल्यावर, आतून पोकळ करतात. त्याआधी ढिगात सगळीकडून हातभर लांबीपेक्षा थोड्या कमी, साधारण ३० सेंटिमीटरच्या काड्या खुपसतात. आतून खणताना काडीचे टोक दिसले की तिथे थांबायचे. त्यामुळे भिंत पातळ होत नाही.

सावकाश काम करा. घामाने कपडे भिजले तर रात्री तेच शत्रू होतात. हवेचे भोक दर काही वेळाने मोकळे करा, फावडे आत ठेवा आणि घरावर बाहेरून दिसेल अशी खूण करा. आत स्टोव्ह पेटवणे टाळलेलेच बरे. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो. बोलणे अडखळते, बोटांनी गाठ सुटत नाही, चाल लडखडते. थरथर थांबली पण अंग गरम झाले नाही, तर परिस्थिती गंभीर आहे. अशा माणसाला कोरडे कपडे द्या, वाऱ्यापासून दूर न्या, छातीकडून हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांकडे पोचवा. हातपाय चोळू नका आणि दारू तर मुळीच देऊ नका.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये फ्रँकलिन यांचे स्मारक १८७५ पासून आहे. रे यांच्या नावाची छोटी शिळा तिथे बसली ती २०१४ मध्ये. पण त्यांना शोभणारे स्मारक त्यांच्या ऑर्कनीतच आहे. कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलच्या आवारात त्यांना पुरले आहे आणि आत त्यांची दगडी मूर्ती आहे. ती उभी नाही, घोड्यावरही नाही. प्रवासी वेशातले रे अंगावर कातडे पांघरून, बाजूला बंदूक आणि पुस्तक ठेवून, शांत झोपलेले आहेत. दिवसभर चालून, तासाभरात घर बांधून, कोरड्या पांघरुणात शिरलेला माणूस झोपतो तसे.